प्रेक्षक गोंगाट करत असतील तर कविता कशी सादर करायची?

सगळ्यात आधी माइक तोंडाच्या जवळ घ्या, दोन-तीन बोटांवर, कारण अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि मग ओरडावं लागत नाही, ओरडलं की शब्द फाटतात आणि कवितेतलं हळवेपण तिथंच जातं. प आणि फ म्हणताना तोंडातल्या हवेचा फटका माइकला बसतो म्हणून माइक किंचित तिरका धरा. पहिली कविता छोटीच घ्या, ती पाठ हवी, कागदात डोकं घातलं की लोक परत गप्पांना लागतात. जे दोघं-चौघं खरंच ऐकतायत ना त्यांच्याकडे बघून म्हणा. आणि हो, मधेच हशा किंवा गलका झाला तर थांबा, ओळ वाया घालवू नका, ती पुन्हा पहिल्यापासून म्हणा.