सोफ्याच्या पाठीमागच्या पिना दिसतात, झाकायला कोणती लेस लावावी?

लेस नकोच. पाठीमागे पिना दिसताहेत म्हणजे शेवटचं कापड लावतानाच चुकलंय.

हे इतकं ठासून सांगते कारण आमच्या बाबांच्या खुर्चीचं हेच झालं. दादाने तिला दोन दिवसांत नवं कापड चढवलं. पाठीची कड दुमडली, वरून सरळ स्टेपल मारले आणि गरम ग्लूने लेस चिकटवून टाकली. मी तेव्हाच म्हटलं, "दादा, वरची कड उलटी लावून घे ना." तर म्हणे, "मागचं कोण बघतंय?"

खुर्ची खिडकीपाशी, उन्हात. तो ग्लू उष्णतेने मऊ पडतोच. दोन उन्हाळ्यांत लेस लोंबायला लागली, खालच्या पिना उघड्या पडल्या. त्यातली एक अर्धवट वर आलेली होती, तिच्यात आईची शाल अडकली आणि चांगला वीतभर धागा ओढला गेला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या खुर्चीत बसायचे बंद झाले.

मग मी पाठ उसवली. एकेक पिन पेचकसाने उचकटून पकडीने ओढायची, यातच दुपार गेली. कापडाच्या कडेला भोकंच भोकं, ते परत वापरण्यासारखं नव्हतं. नशिबाने उरलेला तुकडा जेमतेम पुरला.

या वेळी कापड खुर्चीच्या पुढच्या बाजूला उलटं टाकलं, सुलट बाजू खाली, आणि त्याची फक्त कड मागच्या वरच्या पट्टीवर आणून चार पिनांनी अडकवली. त्या कडेवर साधारण 1 सेंटीमीटर रुंदीची कडक पुठ्ठ्याची पट्टी ठेवून तिच्यावरून जवळजवळ पिना मारल्या. मग कापड मागे पलटलं. पिना आत गेल्या आणि पट्टीमुळे कड दोरीत आखल्यासारखी सरळ आली. पुठ्ठा न घालता नुसतं पलटलंत तर प्रत्येक पिनेपाशी कापड ओढल्यासारखं दिसेल, म्हणून तो टाळू नका.

दोन्ही बाजू वाकड्या सुईने हाताने शिवल्या. एक टाका दुमडीच्या आतून, पुढचा समोरच्या कापडातून, बरोबर समोरासमोर. चार-पाच टाके झाले की दोरा ओढायचा, तो आत गडप होतो. खालची कड चौकटीच्या तळाशी ओढून पिना मारल्या आणि त्यांच्यावर धूळ अडवायचं काळं कापड, कडा आत दुमडून. शिवणाला दोन संध्याकाळी लागल्या. दादा म्हणतो तेवढ्यात दुसरी खुर्ची झाली असती. झालीही असती, पण तिचीही लेस सुटली असती.

हाताने शिवायचं नसेल तर दात असलेली वळणारी धातूची पट्टी मिळते. तिच्यात कड खोचून हातोडीने हलकेच मिटवायची. पातळ कापडाला मात्र ती वापरू नका, दात आरपार येतात.

एक सांगायचं राहिलं. खुर्चीचं लाकूड उघडं असेल आणि कापड लाकडाशीच संपत असेल, तर तिथे आत दुमडायला जागाच नसते. तिथे लेस किंवा गोल डोक्याचे शोभेचे खिळे लावणंच योग्य. फक्त पिना आधी पूर्ण ठोकून बसवा, आणि लेस नुसती चिकटवू नका, कोपऱ्यांवर बारीक खिळे मारा. तुमच्या सोफ्याला पाठीमागे लाकूड दिसतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

बाबांची खुर्ची आता खोलीच्या मधोमध असते, दाराकडे पाठ करून. आत येणाऱ्याला आधी मागची बाजूच दिसते.