फिट आल्यावर नाकात मारायचा स्प्रे मेंदूपर्यंत खरंच पोहोचतो का?

हो, पोहोचतो आणि तोही काही मिनिटांत, त्यामुळे मुलासाठी डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलाम स्प्रे घरात जरूर ठेवा. मी ठाण्यात नौपाड्याला फार्मासिस्ट आहे. नाकाच्या आतल्या पातळ अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथून औषध यकृताची वाट टाळून थेट रक्तात आणि मग मेंदूत जातं. फिट चालू असताना तोंडात काहीच घालायचं नसतं (पाणीसुद्धा नाही!), म्हणून हा मार्ग फार मोलाचा. मात्र सर्दीने नाक चोंदलं असेल तर औषध कमी शोषलं जातं. किती फवारे हे वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. झटका 5 मिनिटांत थांबला नाही किंवा श्वास मंदावला, तर लगेच 108 लावा.