खोडण्याआधी विचार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेल्या, तुझ्या वर्गातल्या एका पोराच्या वहीच्या फोटोपाशीच मी अजून अडकले आहे. फोटोखाली तू लिहिलंस, ‘टीचर, ट्रेनिंगला गेलं की कृती घ्या म्हणतात, हेडमास्तर पोर्शन संपवा म्हणतात, पालक इंग्रजीचं विचारतात, टीव्ही लावावा तर करंट नसतो. मी नेमकी कुठली पद्धत धरू?’ बेळगावकडच्या खानापूरच्या आतल्या गावात, एका खोलीत तीन इयत्ता घेऊन बसलास, तेव्हा डोकं फिरणारच. पण बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोतच होतं आणि तू ते लाल पेनानं खोडून टाकलंस.

नीट बघ. ५२ वजा २७, पोरानं लिहिलं ३५. ४३ वजा १८, पुन्हा ३५. ६१ वजा ३४, ३३. ७० वजा २६, ५६. चारही फुल्या तू इतक्या रेटून मारल्यास की कागद फाटायचा राहिला. आणि ६८ वजा २५ बरोबर ४३, तिथं मुकाट्यानं टिक. आता सांग, या पोराला वजाबाकी येत नाही का? त्यानं पाचही गणितांत एकच नियम पाळलाय. वरचा आकडा असो की खालचा, मोठ्यातनं धाकटा काढायचा. हा नियम त्याला कुणी दिला? आपण दिला. पहिलीत आपणच घोकून घेतो, ‘मोठ्यातून लहान वजा करा.’ त्यानं आपलं ऐकलं, म्हणून त्याच्या चार फुल्या झाल्या.

त्याच्या शेजारी बसून विचारलं असतंस, ‘हे कसं काढलंस रे?’ तर तो म्हणाला असता, ‘सातातनं दोन गेले पाच की सर.’ मग पुढं काय करायचं ते तुला कुणी शिकवायला नको होतं. खराट्याच्या काड्या घ्यायच्या, दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, पाच जुड्या आणि दोन सुट्या त्याच्यापुढं ठेवायच्या आणि सात मागायच्या. सुट्या दोनच, मग तो स्वतःच एक जुडी सोडतो. हातचा म्हणजे काय, ते त्या वेळी त्याच्या बोटांना कळतं. पण आधी विचारायचं. खोडण्याआधी विचारायचं.

मी हे इतकं रेटून सांगते आहे, कारण मी विचारलं नव्हतं.

नोकरीची पहिली वर्षं माझी निपाणीकडं गेली. दुसरीत एक मुलगी होती. बाप मराठी, आई पलीकडच्या कन्नड गावातली, तंबाखूच्या वखारीत कामाला. संख्यांचं श्रुतलेखन घेतलं की ही ‘बावन्न’ला २५ लिहायची आणि ‘पंचवीस’ला ५२. एकोणतीस म्हटलं की ३९. मी फुल्या मारल्या. एक ते शंभर दहा-दहा वेळा लिहायला लावलं. पट्टीही मारली, ते लपवत नाही. चौथीनंतर धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी बसली आणि मी हजेरीतलं तिचं नाव कमी केलं.

बारा-तेरा वर्षांनी ती मला बाजारात दिसली. भाजी घेऊन बसली होती. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानं अठ्ठेचाळीस रुपयांच्या भाजीला शंभरची नोट दिली. हिनं डोळ्याचं पातं लवायच्या आत ‘ऐवत्तेरडु’ म्हणत बावन्न रुपये त्याच्या हातावर ठेवले. ऐवत्तु म्हणजे पन्नास, एरडु म्हणजे दोन. मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. कन्नडमध्ये आधी दशक बोलतात, मग एकक. मराठीत उलटं, आधी दोन, मग पन्नास. पंचवीसमध्ये आधी पाच, मग वीस. ती पोर जसं कानावर पडेल तसं डावीकडून लिहीत होती. आईच्या भाषेत ते बरोबरच होतं. आणि ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं तीस ऐकलं आणि नऊ जोडले. ‘इप्पत्तोंबत्तु’ म्हणाले असते तर वीस आणि नऊ तिनं झोपेतही लिहिले असते.

एकदा, फक्त एकदा मी तिला विचारलं असतं!

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला, ते तुला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. आपल्याकडं कर्नाटकाची पुस्तकं, तरी इथंही पारावर त्यावरून भांडणं झाली. भाषा बुडाली म्हणणारे माझ्या ओळखीचेच होते. मी वाद घातला नाही, पण माझ्या डोळ्यांपुढं ती भाजीवाली होती. सीमाभागात आपण पोराच्या मातृभाषेबद्दल फार बोलतो, बोललंच पाहिजे. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते १९५६ साली, आणि भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं ही घटनादुरुस्तीही त्याच साली झाली. मराठी शाळा टिकवायला मी पालकांच्या दारोदार हिंडले आहे. पण शाळेच्या पाटीवर मराठी आहे म्हणून वर्गातल्या प्रत्येकाच्या डोक्यात मराठीच आकडे फिरतात, हे धरून चालू नकोस. तुझ्या त्या एकोणीस पोरांत किती जणांची आई घरी कन्नड किंवा कोकणी बोलते, तुला माहीत आहे? पटावर ते सापडायचं नाही. विचारावं लागेल.

पद्धतीचं म्हणशील, तर मी पुष्कळ पाहिल्या. नलिकली ही कर्नाटकातली खेळत शिकायची पद्धत १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली. तिथल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅली संस्थेच्या खेड्यातल्या शाळा पाहून आपल्या वर्गात ती बसवली. कार्डं, शिकण्याच्या पायऱ्यांची शिडी, ज्याच्या त्याच्या वेगानं शिकणं. चांगली गोष्ट आहे, एका खोलीत तीन इयत्ता असणाऱ्याला तर फारच. पण मी अशाही वर्गात बसले आहे, जिथं पोरं कार्ड उचलून ठेवत होती आणि बाई तक्ता भरत होत्या. आता केंद्राची वाचन-गणिताचा पाया पक्का करायची मोहीम, निपुण भारत आलं, त्याचंही तेच होईल, जर तू कोपऱ्यातल्या पोराशेजारी मांडी घालून बसला नाहीस तर. टीव्हीत करंट असो नसो, ‘कसं काढलंस?’ हे टीव्ही विचारत नाही.

‘वेळ कुठाय टीचर?’ हे तू म्हणणार, मला ठाऊक आहे. मला हे ऐकून आता राग येतो. रोज दोन पोरं. परिपाठानंतर बाकीचे पाढे लिहीत असताना दहा मिनिटं. दोन आठवड्यांत वर्ग पुरा होतो.

हो, त्यानं पोर्शन मागं पडतो. माझा पडला. बाजारातल्या त्या दिवसानंतर मी हट्टच धरला होता. वरून आलेल्या एका साहेबांनी वर्गात पाठ्यपुस्तकाची पानं मोजली आणि मला लेखी खुलासा मागितला. मी चार ओळी लिहिल्या आणि कोणत्या पोराला कुठं अडतं आणि का, याची माझी नोंदवही सोबत जोडली. वही न उघडताच परत आली. पुढं बदली झाली ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. घरचे म्हणाले, कशाला नडलीस. आजही मला वाटतं, मी केलं ते बरोबरच केलं. त्या वर्षी तिसरीतलं एकही पोर हातच्याला अडलं नाही. पानं राहिली असतील, पण पोरं राहिली नाहीत. तू मात्र नडायच्या आधी तशी नोंदवही ठेव, तारीख घालून. माझी उशिरा सुरू झाली.

बेळगावातल्या त्या इंग्रजी शाळेची ऑफर घ्यायची की नाही, ते तू ठरव. पगार जास्त आहे, घरी आईचं औषधपाणी आहे. त्यात मी पडणार नाही. पण तिथंही पोरं ५२ वजा २७ बरोबर ३५च लिहितात, एवढं मनात धर.

सोमवारी त्या पोराला जवळ घे. आधी फुल्यांबद्दल काही बोलू नकोस. वही उघडून ६८ वजा २५ त्याला पुन्हा करायला लाव, मोठ्यानं बोलत. मग ५२ वजा २७. तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत गणिताखाली लिहून त्याचा फोटो मला पाठव. आणि घरात आई त्याला हाक कुठल्या भाषेत मारते, तेही विचार.

तुझी
टीचर