ऑर्गन म्हणजे पायपेटी नव्हे

प्रश्न : मुलीच्या कॉयरने, म्हणजे गायकवृंदाने, फोर्टातल्या चर्चमध्ये चेक संगीतकार द्वोर्झाकचा 'मास इन डी मेजर' (चर्चच्या उपासनेतल्या प्रार्थनांचं संगीत) ठेवलाय. आम्ही नाट्यसंगीतवाले. लॅटिनचा गंध नाही. चाळीसेक मिनिटं काय ऐकायचं? आणि साथीचा ऑर्गन म्हणजे आपला नाटकातलाच ना? — एक वाचक, दादर

उत्तर : शेवटचं आधी सांगते, कारण मीही तिथेच फसले होते. गिरगावात पायपेटीवर पदं वाजवत मी मोठी झाले. तिचा भाता पायांनी मारायचा, हवा रीडमधून जाते. चर्चच्या ऑर्गनला नळ्या असतात, काही करंगळीएवढ्या, काही माणसाहून उंच. तिथे पायांनी हवा भरत नाहीत, पायांखालच्या लाकडी पट्ट्यांवर खर्ज वाजवतात.

एकदा भर जुलैत तालमीला बसले होते. हवेतल्या ओलीने लाकूड फुगलं आणि एक पट्टी दाबलेलीच राहिली. गाणारे थांबले, सूर थांबेना. वादक एकेक स्टॉप, म्हणजे नळ्यांचे संच चालू-बंद करणारा खुंटा, आत ढकलत गेला, तेव्हा कुठे ती नळी गप्प झाली. ऑर्गनचा दम संपत नाही, माणसांचा संपतो. हा मास ऐकताना कान तिथे ठेवा. द्वोर्झाक स्वतः प्रागच्या ऑर्गन शाळेत शिकलेला, चर्चमध्ये नोकरी केलेला. कॉयरला श्वास कुठे घेऊ द्यायचा हे त्याला नेमकं कळत होतं.

१८८७ साली योसेफ ह्लाव्का या वास्तुविशारदाने लुझानी गावच्या आपल्या वाड्यातल्या चॅपलसाठी, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरासाठी, हा मास लिहून घेतला. चॅपल चिमुकलं, म्हणून वाद्यवृंद नाही, नुसता ऑर्गन. पहिल्या वेळी द्वोर्झाकची बायको आणि यजमानीणबाई दोघी गायल्या. घरचंच कार्य म्हणा ना! पुढच्या वर्षी प्लझेन शहरातल्या थिएटरात तो झाला तेव्हा ऑर्गनऐवजी चक्क हार्मोनियम होत्या. १८९२मध्ये त्याने वाद्यवृंदासाठीही तो बांधला, पण मला मूळचाच आवडतो.

लॅटिनचं भय नको. आरतीसारखे शब्द ठरलेले, चाल ज्याची त्याची. वसईकडची एखादी ख्रिस्ती मैत्रीण असेल तर तिला विचारा, ही मिस्सा, म्हणजे मासच, तिला मराठीत तोंडपाठ असते. मासच्या भागांपैकी 'किरिए' एवढं ग्रीक : प्रभू, दया कर. 'क्रेदो'त खालच्या पट्टीतल्या बायका ओळ सांगतात आणि बाकीचे उचलतात, थेट आपल्या भजनासारखं. 'बेनेदिक्तुस'आधी ऑर्गन एकटाच बोलतो. त्या वेळी कार्यक्रमपत्रिका चाळू नका.

टाळ्या मध्ये नकोत. 'ग्लोरिया' संपल्यावर मी एकदा कडकडून वाजवल्या होत्या, एकटीनेच. शेवट तर अगदी हळू आहे, 'शांती दे' म्हणत विरत जाणारा. वादकाची बोटं पट्ट्यांवरून उचललेली दिसेपर्यंत हात मांडीवरच असू द्या. आणि थोडं लवकर जा, त्या जुन्या चर्चांत खांबाआडची बाकंच उरतात.