डच शिकायचं की इंग्रजीवर भागवायचं?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. नवऱ्याला इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला नोकरी लागतेय, तिथे सगळे इंग्रजी बोलतात, मग डचवर दोन वर्षं का घालवायची? आणि बाहेरून आलेल्यांना तिथे कायम कडेलाच उभं राहावं लागतं का?

इंग्रजीवर किराणा, डॉक्टर, बँक सगळं निभतं. कुशल कामगार म्हणून आलेल्याच्या जोडीदाराला नोकरीसाठी वेगळा परवानाही लागत नाही. पण तुमचं काम समुपदेशनाचं. माणूस रडतो ते स्वतःच्या भाषेत. मी पहिली तीन वर्षं इंग्रजीवर काढली. मुलीच्या शाळेत पालकसभेला सगळे हसले की आपणही हसायचं, एवढंच जमायचं. ती वर्षं फुकट गेली असं आज वाटतं.

दुसऱ्या प्रश्नावर इथल्या राजकारणी खदीजा आरिब यांच्याबद्दल सांगते. 1960 साली मोरोक्कोत जन्म. वडील इथे कामगार म्हणून आलेले, त्यांच्यामागोमाग त्या 15व्या वर्षी आल्या. पुढे अ‍ॅमस्टरडॅमला समाजशास्त्र शिकल्या. पण त्यांची खरी सुरुवात मोरोक्कन बायकांच्या संघटनेतून झाली, ती उभी करणाऱ्यांपैकी त्या एक. बायकांच्या हक्कांबद्दल बोलतात म्हणून 1989 मध्ये मोरोक्कोला गेल्या असताना त्यांना अटकही झाली होती. 1998 मध्ये मजूर पक्षाकडून त्या संसदेत गेल्या आणि जानेवारी 2016 मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्ष झाल्या. गुप्त मतदान झालं, शेवटच्या फेरीत 134 पैकी 83 मतं त्यांना.

इथल्या सभागृहात खासदार एकमेकांशी थेट बोलत नाहीत, सगळं अध्यक्षांना उद्देशून. म्हणजे परदेशी म्हणून ज्यांच्यावर टीका करायची, त्यांच्याकडेच 'अध्यक्ष महोदया' म्हणत वळायचं. स्थलांतराला विरोध करणारे नेते खेर्ट विल्डर्स यांना आरिब यांचं दुहेरी नागरिकत्व खुपत होतं. गंमत अशी की मोरोक्कोचं नागरिकत्व सोडता येत नाही, आणि आपलं उलट: डच पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, हातात उरतं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारतात ये-जा करण्यासाठी मिळतं ते. हा हिशेब तुम्हालाही कधीतरी करावा लागेल.

सगळं गोड नाही हं. 2021 मध्ये पुन्हा अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि व्हेरा बर्गकाम्प यांच्याकडून हरल्या. पुढच्या वर्षी कर्मचाऱ्यांशी वागणुकीबद्दल निनावी तक्रारी आल्या, चौकशी ठरली आणि त्यांनी खासदारकीच सोडली. आरोप त्यांना मान्य नव्हते. त्या वादात मी पडत नाही.

त्यांची गोष्ट सांगितली म्हणजे तुम्ही खासदार व्हाल असं नाही. पण कडेला राहणं हे बरंचसं आपण कुठे जाऊन बसतो त्यावर ठरतं, असं माझं मत. फक्त मराठी मंडळाच्या गणपतीला भेटत राहिलात तर दहा वर्षांनीही शेजारीण 'हॅलो'च्या पुढे जाणार नाही. (गणपती सोडू नका, मोदकाचा साचा आणा.)

आल्यावर नगरपालिकेत नोंदणी झाली की जवळच्या वाचनालयात 'टालकॅफे' विचारा. चहा पीत डच बोलण्याची बैठक असते ती. तुमची चूक झाली की समोरचा लगेच इंग्रजीवर उडी मारेल. तुम्ही डचच रेटा. पाच वर्षं सलग कायदेशीर राहिलात की नागरिकत्व न घेताही नगरपालिकेला मत देता येतं. मी दिलं. उमेदवारांची यादी टेबलभर मोठी असते, लाल पेन्सिलीनं गोल रंगवायचा.