आवाज आधी, तुकडा नंतर

सणासुदीच्या आधी महिना-दीड महिना एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येतो. फटाके सुरू झाले की कुत्रं थरथरत येऊन बिलगतं, त्याला जवळ घ्यावं की नाही? विचारणाऱ्याला कुणीतरी आधीच बजावलेलं असतं: घेतलंत तर आणखी भित्रं होईल, तुम्ही भीतीचे लाड करताय. मग घरची माणसं मन घट्ट करून तोंड फिरवून बसतात आणि कुत्रं पलंगाखाली एकटंच धापा टाकत राहतं.

उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. घ्या जवळ. बसणं, पंजा देणं, अंगावर उडी मारणं या कुत्र्याने करायच्या गोष्टी आहेत. त्यांच्यामागून खाऊ आला की त्या वाढतात. भीती करायची नसते, ती वाटते. अंधारात दचकलेल्या माणसाला कुणी पाणी दिलं, म्हणून तो पाण्यासाठी पुन्हा दचकत नाही. कुत्रं बिलगलं तर बिलगू द्या, छातीवर हात ठेवा, हळू बोला. मात्र ते लपायला गेलं असेल तर ओढून बाहेर काढून कुरवाळू नका. बिलगायचं की लपायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

एवढ्यावर भागत असतं तर चिंगीच्या घरच्यांना कुत्र्याच्या वागण्याबद्दल सल्ला घ्यायला यावं लागलं नसतं. (नाव बदललंय, बाकी खुणाही.) चार वर्षांची, मिश्र जातीची, वजन १४ किलो. घरात नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि आजोबा. मागच्या सणात चिंगीने बाथरूमचं दार खालून खरवडून काढलं होतं, दोन नखं रक्ताळली होती, आणि जवळजवळ दिवसभर ती लघवीलाही बाहेर पडली नव्हती. यंदाचा सण सात आठवड्यांवर आला होता.

"आम्ही सगळं प्रेमानेच करतो," बाई म्हणाल्या. "मारणं नाही, ओरडणं नाही. फटाक्यांचं रेकॉर्डिंग लावून चीज देतो, सगळीकडे सांगतात तसंच. पण भीती उलट वाढतेय. आता तर चीजसुद्धा नको झालंय तिला."

आजोबांचं म्हणणं वेगळं होतं. "गच्चीवर न्या हो तिला एकदा. दोन तास आवाज कानावर पडले की मरते भीती. आमच्याकडचे कुत्रे असेच तयार झाले."

"काका, तो कुत्रा गच्चीवर काय करायचा?"

"गप्प बसायचा."

"खायचा?"

आजोबा जरा थांबले. "नाही. त्या रात्री नाही खायचा."

गप्प बसणं वेगळं आणि निवांत असणं वेगळं. निवांत कुत्रं कुशीवर कलंडतं, तोंड सैल असतं, समोर तुकडा टाकला तर हुंगून उचलतं. सुटका नाही हे कळलेलं कुत्रं एका जागी गोठतं: कान मागे, शेपटी पोटाखाली, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतं, तोंड घट्ट मिटलेलं नाहीतर भराभर धापा. आवडता खाऊ नाकासमोर धरला तरी त्याला तो दिसत नाही. लोक याला 'सवय झाली' म्हणतात. भीती किती आहे हे घरच्या घरी मोजायला खाणं हेच सगळ्यात सोपं माप. एरवी हावरं असलेलं कुत्रं खात नसेल, तर त्या क्षणी शिकवणी बंद करून अंतर वाढवायचं किंवा आवाज कमी करायचा.

चिंगी मात्र गच्चीवर न जाताही चीज नाकारत होती. म्हणून त्यांना एकच काम दिलं: सरावाचा व्हिडिओ काढा, आणि कॅमेरा आवाज लावायच्या पाच मिनिटं आधीपासून कुत्र्यावरच ठेवा.

व्हिडिओत चिंगी सतरंजीवर पाय पसरून पडलेली. बाई आतून स्टीलचा डबा घेऊन येतात. झाकण उघडतं, टक्. चिंगीचे कान मागे जातात. ती एकदा नाक चाटते, उठते, आणि कुणाकडेही न बघता खोलीतून निघून जाते.

"आवाज कितव्या मिनिटाला लागला?" बाईंना विचारलं.

"हा काय, आत्ता…" त्यांनी व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. "अगं बाई. अजून लावलाच नव्हता!"

तीन आठवडे रोज हेच चाललं होतं. तिचं मन आधी खूश असावं म्हणून डबा उघडायचा, दोन तुकडे द्यायचे आणि मग फोनवर धडाधड. चिंगी शिकली नव्हती असं कुणी म्हणू नये; ती फार नीट शिकली होती. झाकण वाजलं की धडाका येतो. चीज हा खाऊ राहिलाच नव्हता, ती धोक्याची घंटा झाली होती.

या कामाचं सगळं मर्म क्रमात आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना नुसत्या खुणेनेही लाळ सुटू लागली, कारण खूण आधी यायची आणि अन्न मागून. १९२४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती याच वाटेने घालवली. तो खात असताना ससा दूर ठेवायचा आणि त्याचं खाणं थांबणार नाही इतकाच रोज पुढे सरकवायचा. त्यांनी तेव्हाच सावध केलं होतं की हे हलगर्जीपणे केलं, तर उलट अन्नाचीच धास्ती बसेल. शंभर वर्षं जुना इशारा आहे, आणि दर सणाला एखादा तरी डबा तो खरा करून दाखवतो.

चिंगीचा सराव आठवडाभर पूर्ण थांबवला. डब्याचं झाकण त्या आठवड्यात फक्त रोजच्या जेवणाला वाजलं. मग नव्याने सुरुवात केली. तुकडे वाटाण्याएवढे, आधीच खिशात. आवाज मुलगा शेजारच्या खोलीतून लावणार, म्हणजे फोन हातात घेतल्याचीही खूण चिंगीला मिळणार नाही. फोनऐवजी बरा स्पीकर, कारण फोनमधून जड, घुमणारा आवाज येतच नाही. सुरुवात इतक्या बारीक आवाजाने की फक्त कान हलावा. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला जवळपास ४५,०००, आणि वरच्या पट्टीतले बारीक आवाजही त्याला आपल्याहून नीट ऐकू येतात, त्यामुळे आपल्या कानाला 'काहीच नाही' वाटणारा आवाज तिला पुरेसा असतो. एकच बार. सेकंदभर थांबायचं. मग लागोपाठ तीन-चार तुकडे जमिनीवर. मग शांतता, कधी अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटं. असे पाच-सहा बार झाले की पुरे. दिवसातून दोनदा, त्याहून जास्त नाही. लागोपाठ दोन दिवस आवाजानंतर ती स्वतःहून खाऊकडे बघू लागली तर आवाज एक घर वाढवायचा. खाणं थांबलं तर दोन घरं खाली.

सगळ्यात कठीण जातं ते आपला हात आवरून ठेवणं. आवाजाआधी हात खिशाकडे गेला, की तो हात म्हणजे नवा डबा. बाईंना हे जमायला तीन दिवस लागले. आजोबांना लगेच जमलं. गप्प बसायची सवय त्यांना होतीच, आणि कोचावरचा त्यांच्या पायाशी असलेला कोपरा चिंगीचा लाडका.

दहाव्या दिवशी घडलं ते कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं. वरच्या मजल्यावर काहीतरी धाडकन पडलं. चिंगी दचकली, पुढचे पाय ताठ झाले. मग मान वळली, छताकडे नाही, दाराकडेही नाही, आजोबांच्या खिशाकडे. आजोबांनी तीन तुकडे टाकले. तिने खाल्ले, पुन्हा एकदा खिशाकडे पाहिलं आणि हनुवटी पंजांवर ठेवली.

"भीती गेली म्हणायची?" आजोबांनी फोन करून विचारलं. आवाजात हसू होतं.

"नाही काका. दचकणं राहील. पण त्यानंतर काय, हे आता तिला ठाऊक झालंय."

हा फरक लक्षात आला नाही तर माणसं निराश होतात. दचकणं शरीराचं आहे, ते पुसलं जात नाही. मोजायचं ते दचकण्यापासून खाण्यापर्यंत लागणारा वेळ. चिंगीचा आधी मोजताच येत नव्हता. त्या दिवशी पाच सेकंद होता. कुत्र्याला धीट करायचं हे काम नाही. धक्क्यानंतर परत यायला वाट करून द्यायची.

सराव झालाच नसेल आणि सण उद्यावर आला असेल, तरी क्रम तोच ठेवायचा: खरा बार वाजला की लगेच खाऊ, दर बाराला. २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या संशोधक स्टेफनी रीमर यांनी कुत्रेवाल्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. आवाजापाठोपाठ खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांनी फायदा झाल्याचं सांगितलं. रेकॉर्डिंगचा सराव मात्र खरे आवाज सुरू झाले की बंद करायचा, नाहीतर एका दिवसात दोन परीक्षा होतात.

चिंगीची नखं रक्ताळली होती, म्हणून पशुवैद्याकडे जायला सांगितलं. बाईंचा चेहरा पडला, औषध म्हणजे हार वाटली. तसं नाही. भीती एका मर्यादेपलीकडे गेली की खाऊ दिसत नाही आणि शिकणंच बंद पडतं; औषध भीतीला त्या मर्यादेखाली आणतं. डॉक्टरांना सरळ विचारा: हे भीती कमी करणारं आहे की नुसती हालचाल मंदावणारं? एसेप्रोमाझीन नावाचं गुंगीचं औषध एकटं दिलं तर कुत्रं ढिम्म पडतं, आतली भीती तशीच राहते. ठरलेल्या औषधाची एक मात्रा आधी शांत दिवशी देऊन बघायची आणि सणाला आवाज सुरू व्हायच्या आधी, डॉक्टर सांगतील त्या वेळेला द्यायची. घरात पडलेली माणसांची गोळी अर्धी करून देणं तर अजिबात नाही.

सणाच्या रात्रीची तयारी आदल्या आठवड्यातच व्हायला हवी. घराच्या आतल्या बाजूची, कमी खिडक्यांची जागा निवडा. पडदे जाड, कारण उजेडाचा लखलखाटही भिववतो. पंखा आणि संथ संगीत संध्याकाळ व्हायच्या आधीच सुरू करा. बार वाजल्यावर सुरू केलं तर पुन्हा तीच डब्याची गत. तिथेच पाणी, जुनी चादर, घरच्या कुणाचा वापरलेला कपडा. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, असेल तर तीन बाजू झाका, दार उघडं ठेवा. सवय नसलेल्या कुत्र्याला कोंडलं तर ते दात आणि नखं मोडून घेतं, चिंगीने दार खरवडलं ते त्यातूनच. जेवण आणि फिरणं उजेडी उरकून घ्या. फिरताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हींना दोरी, कारण घाबरलेलं कुत्रं मागे सरकून मान सोडवून घेतं. पट्ट्यावर चालू फोन नंबर हवा. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिच्या नोंदीतला नंबरही तपासा, तो बरेचदा जुना निघतो. निसटलंच तर मागे धावू नका. खाली बसा, अंग वळवा, खाऊ जमिनीवर पसरा.

फटाके तास-दोन तासांचे. पाहुणे दिवसभर असतात, आणि चावण्याच्या तक्रारी त्यांच्याच वेळी येतात. दाराची बेल वाजली की चटईवर जायचं, ही एक सवय बरंच काही वाचवते. आधी बेलशिवाय: चटईवर एक पंजा पडला तरी तुकडा, चारही पडले की चार तुकडे, तिथे आडवं झालं की आणखी. दोन मिनिटांचा खेळ, दिवसातून तीनदा. मग रेकॉर्ड केलेली बेल हळू आवाजात, मग खरी. पाहुण्यांना दारातच सांगा: बघू नका, वाकू नका, हात पुढे करू नका. कुत्रं स्वतः आलं तर छातीखाली तीन सेकंद खाजवा आणि थांबा. पुन्हा अंग टेकवलं तर चालू ठेवा, तोंड वळवलं किंवा नाक चाटलं तर बास. लहान मुलांसाठी मधे जाळीचं फाटक, चर्चा नको.

गुरगुरलं म्हणून ओरडू नका. ओरडून गुरगुरणं बंद होतं, चावणं नाही. पुढच्या वेळी ते सूचना न देता चावतं.

पाहुण्यांच्या ताटावरही नजर हवी. चॉकलेट, जितकं गडद तितकं वाईट. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडं निकामी करू शकतात आणि किती खाल्ल्याने, याचा भरवसा देता येत नाही. बिनसाखरेच्या गोळ्यांतल्या झायलिटॉलने अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळू शकते. कांदा, लसूण, दारू, शिजवलेली हाडं, खेळण्यांतले चपटे सेल. यातलं काही पोटात गेलं तर मीठ पाजून उलटी काढायला जाऊ नका. वेष्टण हातात घेऊन थेट डॉक्टर गाठा.

चिंगीने सणाची पहिली रात्र कोचाच्या कोपऱ्यात काढली. सगळ्यात मोठ्या बारांना ती पलंगाखाली गेली, तिथे टाकलेले तुकडेही तिने खाल्ले. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास स्वतःहून लघवीला दाराशी आली. घरच्यांच्या वहीत ही वेळ दोनदा अधोरेखित केलेली आहे.

सणानंतर महिन्याभराने पुन्हा आजोबांचा फोन. ढग गडगडतायत, चिंगी खिशाकडे बघतेय, तुकडा टाकायचा का?

"टाका काका."

"पण वीज आधी चमकते. वीज चमकली की टाकू की गडगडल्यावर?"

गडगडल्यावर.