वाचकांचे प्रश्न : आस, माप आणि नमुन्याची पाटी

प्रश्न : बोटीमागे ओढायच्या ट्रॉल जाळ्याच्या खोल्याला (मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीला) ४० मिमी चौरस आस (जाळ्याचे भोक) हवी असे सांगतात. दुकानातून ‘चाळीसचे’ जाळे आणले, पट्टी लावली तर गाठीपासून गाठीपर्यंत २० मिमीच भरते. फसवणूक झाली का?
– वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : नाही. तुम्ही आसाची एक बाजू मोजलीत. आसाचा आकार सांगतात तो आस ताणून, समोरासमोरच्या दोन गाठींमधल्या आतल्या अंतराचा. बाजू २० मिमी असली की ताणलेली आस साधारण ४० मिमी भरते. गाठी जाड असतील तर त्यात एक-दोन मिमी कमी-जास्त होतात.

मोजताना जाळे ओले असावे, शक्यतो काही दिवस वापरलेले. नायलॉन पाण्यात थोडे बदलते. पॉलिथिलीन पाणी शोषत नाही, पण नव्या जाळ्याच्या गाठी पहिल्या काही ओढींतच आवळल्या जातात. कडेच्या शिवणीपासून तीन-चार आस सोडा आणि सलग २० आस मोजून सरासरी काढा. चपटे, पाचरीसारखे गेज वापरावे व प्रत्येक वेळी सारखाच जोर लावावा. हाताने ताणून पट्टी लावली की दोन माणसांची दोन उत्तरे येतात, आणि तपासणीच्या वेळी वाद तिथेच पेटतो.

आता चौरसच का? नेहमीची आस शंकरपाळ्यासारखी असते. खोल्यात मासळी भरून वजन आले की जाळे लांबीत ताणले जाते, आस मिटते आणि बारीक मासा आतच अडकतो. म्हणजे कागदावर ४० मिमी, पण पाण्यात जवळपास फट नाही. चौरस आसेत ताण दोन बाजूंवरून सरळ जातो, उरलेल्या दोन बाजू मोकळ्या राहतात, त्यामुळे आस उघडी राहते. मात्र साधे गाठींचे जाळे नुसते तिरपे फिरवून चौरस लावले तर गाठी सरकतात आणि चौरसाचा आकार बिघडतो. म्हणून बिनगाठीचे जाळे घ्यावे किंवा दुहेरी, पक्क्या गाठीचे. आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते : खोल्यावर आतून किंवा बाहेरून दुसरे बारीक जाळे चढवू नका. घासण्यापासून बचाव म्हणून ते लावतात, पण त्याने चौरस आसेचा सगळा उपयोग संपतो. घासतो तो खालचा भाग, तेव्हा संरक्षण फक्त तिथेच द्यावे.

प्रश्न : मासळीची लांबी नेमकी कुठून कुठे मोजायची? पुस्तकात तीन-चार प्रकार दिले आहेत.
– मत्स्यविज्ञानाची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : जातीप्रमाणे. पूर्ण लांबी म्हणजे मिटलेल्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या सर्वांत लांब टोकापर्यंत. बांगडा, सुरमई, कुपा यांची शेपटी दुभंगलेली आणि टोके मोडकी असतात, म्हणून त्यांची मधल्या खाचेपर्यंतची लांबी घेतात. वाकटीला शेपटीचा पर नसतो, शेवट दोऱ्यासारखा असतो आणि तो हमखास तुटलेला मिळतो. तिथे तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे माप जास्त भरवशाचे. शेवंडीच्या कवचाची लांबी मोजा, खेकड्याची कवचाची रुंदी, म्हाकुळाच्या पाठीच्या आवरणाची लांबी, पाकटाची दोन्ही पंखांतली रुंदी. कोळंबीत डोळ्याच्या खाचेमागून कवचाच्या मागच्या कडेपर्यंतचे माप टिकते, कारण डोक्याच्या टोकाचा काटा टोपलीतच मोडतो.

बोंबील मऊ असतो. डोक्याला धरून लोंबकळत मोजला तर तो लांबतो. फळीवर आडवा ठेवा, तोंड आडव्या पट्टीला टेकवा, ओढू नका. माप नेहमी एकाच दिशेने वाचा, मिलिमीटरमध्ये लिहा आणि वर प्रकार लिहा : पूर्ण की खाचेपर्यंत. महाराष्ट्राने जातीनिहाय किमान मापे ठरवली आहेत (पापलेटसाठी १३५ मिमी), पण प्रकार न लिहिलेला आकडा या मापांशी ताडून पाहता येत नाही.

प्रश्न : आमच्या बंदराला एका दिवशी ४५ बोटी लागतात. सर्वेक्षक अकरा-बारा बोटींची मासळी पाहून निघून जातात. मग सगळ्या बंदराचा आकडा अंदाजपंचे काढतात का?
– वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : अंदाजपंचे नाही, पण नियम पाळला तरच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पद्धतीत १५ पर्यंत बोटी असल्या तर सगळ्या पाहतात. २० ते २९ असल्या तर दोनांतली एक, ३० ते ३९ असल्या तर तिनांतली एक, ४० ते ४९ असल्या तर चारांतली एक, ५० ते ५९ असल्या तर पाचांतली एक, आणि पुढेही याच क्रमाने. तुमच्या ४५ बोटींत पहिल्या चारांतली कोणती घ्यायची ते चिठ्ठीने ठरते, पुढे दर चौथी. समजा ११ बोटींची मिळून ५,२८० किलो मासळी भरली, तर सरासरी ४८० किलो आणि ४५ बोटींचे २१,६०० किलो. ट्रॉलर, गिलनेट, डोल यांचे हिशेब वेगळे करावे लागतात; एकत्र सरासरी काढली की आकडा निरर्थक होतो.

दिवसही चिठ्ठीनेच ठरतात. डोलीची (एका जागी रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची) मासेमारी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) जाळी भरतात, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) रिकामी राहतात. सर्वेक्षक सोयीच्या वारीच आला तर महिन्याचा आकडा फुगतो किंवा बसतो.

खरी गडबड मात्र बोटीवर होते. खलाशांनी मासळी आधीच निवडलेली असते : मोठी एका क्रेटमध्ये, मध्यम दुसऱ्यात, उरलेला कुटा (बारीक, कमी किमतीची मिसळ) कोपऱ्यात. क्रेटच्या वरच्या थरातले चार मासे मोजणारा फक्त मोठाच मासा पाहतो. प्रत्येक ढिगाचे वजन वेगळे घ्या, प्रत्येकातून वर-मध्ये-खाली उपसून नमुना घ्या, बर्फ झटका, पाटीचे (टोपलीचे) वजन वजा करा. मग गुणक काढा, म्हणजे ढिगाचे वजन नमुन्याच्या वजनाने भागा. एका ट्रॉलरवर निवडलेली वाकटी ६०० किलो, नमुना १२ किलो, तर गुणक ५०. नमुन्यात १८ लहान वाकट्या निघाल्या तर त्या ढिगात ९००. कुटा ३०० किलो, नमुना ५ किलो, गुणक ६०. त्यात ४० पिल्ले निघाली तर २,४००. एकूण ३,३०० लहान वाकट्यांपैकी बहुतेक कुट्यातच आहेत. कुटा न पाहता ‘पिल्ले फारशी नाहीत’ असे लिहिले तर ते चूकच. म्हणून सर्वेक्षक कुट्याकडे वळला तर त्याला अडवू नका, अशी बोटमालकांना विनंती आहे.

पाटीचे ठरावीक वजनही जपून वापरावे. जवळ्याची पाटी आणि घोळीची पाटी सारखी भरत नाही. त्या दिवशीच्या, त्या जातीच्या दोन-तीन पाट्या तोलून मगच गुणा.

प्रश्न : सहा सिलिंडरच्या बोटी जास्त माल आणतात. म्हणजे समुद्रात मासळी वाढली का?
– वाचक, मुंबई

उत्तर : तसे म्हणता येत नाही. सिलिंडरवरून बोटीचा आकारही कळत नाही. इंजिनाचे अश्वबल, टोकापासून टोकापर्यंतची लांबी आणि टनेज हे तिन्ही नोंदवावेत. मासळी वाढली की घटली हे पाहायला मालाला तो आणायला लागलेल्या कष्टाने, म्हणजे जाळे ओढल्याच्या तासांनी, भागावे लागते. आठ दिवसांनी आलेला ट्रॉलर २,००० किलो आणतो, दिवसाला चार ओढी, प्रत्येकी तीन तास, म्हणजे ९६ तास. ताशी सुमारे २१ किलो. एका दिवसात परतलेली बोट तीन ओढींच्या नऊ तासांत ३०० किलो आणते, ताशी ३३. माल कमी दिसला तरी ताशी मासळी तिला जास्त मिळाली. ओढीचा वेळ जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या फळ्या तळाला टेकून विंच थांबल्यापासून ते पुन्हा ओढून घ्यायला सुरुवात होईपर्यंत धरावा. जाण्या-येण्याचा आणि निवडण्याचा वेळ त्यात मिसळू नये.